एकोणीस वेळा ‘नको’

३ मार्च

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून ते फाडायच्या आधी एवढं वाच. मी आज माफीबिफी मागायला लिहीत नाहीये. मी चिडले आहे, आणि माझं चिडणं ऐकून घेईल असं या घरात कुणी नाही. आईला ऐकू कमी येतं, आणि जेवढं येतं त्यावर ती ‘बरं बरं’ म्हणते. अकरा वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही, तरी डोकं फिरलं की पहिली तूच आठवतेस, त्याला मी काय करू? तुझा पत्ता आईला येणाऱ्या तुझ्या पत्रांवरून घेतला. चोरलाच म्हण.

तुला माहीत नसेल, मी शाळेतली नोकरी सोडली. आता मी पुस्तकं मोठ्याने वाचते. म्हणजे ती रेकॉर्ड होतात आणि लोक कानात बोंडं घालून भांडी घासता घासता ऐकतात. जिन्याखालची एक खोली आहे, भिंतींना जाड स्पंज, पंखा बंद. सुतीच कपडे घालायचे, बाकीचे फार कुरकुरतात. घड्याळ, कानातलं, सगळं बाहेर काढून ठेवायचं. मधूनमधून हिरव्या सफरचंदाची फोड चावायची, नाहीतर तोंडातला चिकटपणा माइकला ऐकू जातो. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला बसतो. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण माझं पोट गुरगुरणार आहे हे माझ्या आधी त्याला कळतं.

आजवर मी मधुमेहावरचं वाचलं, कुंडीतल्या बागेवरची तीन वाचली, एका पहिलवानाचं चरित्र वाचलं. सगळी सज्जन पुस्तकं. आता हातात आलीये एक कादंबरी. नाव लिहून तिची जाहिरात करणार नाही. मुखपृष्ठावर काळा गुलाब आणि साखळी, त्यावरून काय ते समज. या प्रकाराला म्हणे आता वेगळं नाव आहे, ‘डार्क रोमान्स’. पूर्वी याला पोलीस ठाण्यात तक्रार म्हणायचे.

नायक श्रीमंत आहे. डोळे राखाडी आहेत. आणि त्याचा जबडा आवळतो. बारके, दर चौथ्या पानाला या माणसाचा जबडा आवळतो! मी पेन्सिलीने खुणा केल्या, एकसष्ट वेळा. त्याला नायिकेची नाही, तुझी गरज आहे. तू कवळ्या बनवतेस असं आई म्हणाली. याची वरची-खालची दोन्ही मापं एकदमच घेऊन ठेव.

नायिका पुस्तकांच्या दुकानात काम करते. हा तिला बघतो. बघतो म्हणजे काय, रोज दुकानासमोर गाडी लावून बसतो. ती घरी जाते, हा मागे. ती गल्ली बदलते, हा त्या गल्लीत आधीच हजर. मग तो ते दुकानच विकत घेतो आणि तिला कामावरून काढून टाकतो, का, तर तिने त्याच्याकडे यावं म्हणून. आणि पुढचं वाक्य काय? ‘इतकं प्रेम तिच्यावर आजवर कुणी केलं नव्हतं.’ अगं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असलं वाक्य मी शांत, गोड आवाजात वाचायचं. वाचलं. कानसेनने अंगठा दाखवला.

यात मला कुणाची आठवणबिठवण झाली असं समजू नकोस. मी फक्त पुस्तकाबद्दल लिहितेय.

ताई

*

९ मार्च

बारके,

तुझं उत्तर नाही. येणार नव्हतंच. तरी लिहिते, कारण आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आज सातवं प्रकरण होतं. सातव्या प्रकरणात ती त्याच्या बंगल्यावर आहे आणि दाराला बाहेरून कुलूप आहे. त्या एका प्रकरणात ती एकोणीस वेळा ‘नको’ म्हणते. लेखिकाबाईंनी समासात प्रत्येक ‘नको’पुढे सूचना लिहून दिल्यात. ‘नको (घाबरून).’ ‘नको (श्वास अडकून).’ ‘नको (लाडिक).’ आणि बाराव्याच्या पुढे काय लिहिलंय, ऐक: ‘नको (म्हणजे हो).’

मला सांग, कंसात हे लिहिताना त्या बाईचा हात कसा झडला नाही? शब्द लिहायचा एक आणि कंसात त्याचा गळा दाबायचा! मराठीत होकारासाठी शब्दांचा दुष्काळ पडलाय का? ‘हो’ आहे, ‘बरं’ आहे, ‘चालेल’ आहे, काहीच नाही तर मान हलवता येते. नाही म्हणायला बाईकडे मोजून दोन शब्द, त्यातलाही एक हिने काढून घेतला.

वाचायला बसले. पहिला ‘नको’ झाला. कानसेनने हात वर केला. ‘‘ताई, पुन्हा घेऊया. जरा मऊ.’’

पुन्हा घेतला. पुन्हा हात वर.

‘‘काय झालं आता?’’

‘‘फारच खरा येतोय हो. ऐकणारी बाई घाबरून बंद करेल. हा ‘नको’ जरा... विरघळणारा पाहिजे.’’

‘‘साखर आहे का ती?’’ मी म्हटलं. तो बिचारा हसला. तो वाईट माणूस नाही, त्याला आवाजाच्या पलीकडे काही ऐकू येत नाही इतकंच.

आम्ही नऊ वेळा घेतला. नवव्यांदा तो म्हणाला, ‘‘तुम्हीच एकदा ऐका,’’ आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

बारके, तो माझा आवाज नव्हता. तो तुझा होता. तोच तुटका ‘नको’, ‘को’ म्हणतानाच ओठ मिटून घेतलेला, पुढे काही जोडलेलं नाही. नको ना, नको गं, असलं शेपूट तू कधीच लावायची नाहीस. फोनवर आपल्या दोघींत बाबासुद्धा फसायचे, तुला आठवत असेल. मला वाटायचं, आता माझा आवाज म्हातारा झाला, ते सगळं गेलं असेल. गेलेलं नाही. तुझा ‘नको’ माझ्या गळ्यात जसाच्या तसा आहे.

घसा बसलाय असं सांगून मी निघून आले. घसा ठणठणीत आहे.

ताई

*

१७ मार्च

बारके,

मी लेखिकाबाईंना निरोप पाठवला होता. एकोणीसच्या एकोणीस ‘नको’ मी सरळ वाचणार, जसे लिहिलेत तसे, कंस सोडून. पटत असेल तर सांगा. तर आज बाई स्वतः आल्या.

मी मनात पदर खोचूनच बसले होते. वाटलं, लाल लिपस्टिक, उंच टाचा, काळे कपडे असलं काहीतरी येईल. आली कोण, तर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देणारी पन्नाशीची बाई, गुडघ्याला पट्टा, हातात छत्री आणि डबा. जिना उतरताना ‘आई गं’ म्हणत होती. माझा निम्मा राग तिथेच पंक्चर झाला आणि त्याचाही मला राग आला.

मी तरी सोडलं नाही. म्हटलं, ‘‘बाई, ही मुलगी नको म्हणतेय आणि तुम्ही कंसात हो लिहिताय. तुम्हाला काही वाटत नाही?’’

‘‘वाटतं की,’’ ती म्हणाली. ‘‘मला लिहिताना मजा वाटते.’’

‘‘मजा?’’

‘‘दिवसभर मी माणसांना सांगते, ही जेवणाआधी, ही जेवणानंतर. घरी सासऱ्यांचं अंथरूण. त्यानंतर तासभर मी असलं लिहिते. ज्या वाचतात त्याही माझ्यासारख्याच. सगळ्यांना ठाऊक असतं की तो नायक खरा आला तर आधी पोलिसांना बोलवायचं. तुम्हाला काय वाटतं, आम्ही बावळट आहोत?’’

हे ती मलाच विचारत होती. मला, बारके! मग ती म्हणाली, ‘‘ताई, पुस्तक मिटता येतं. घाबरायला झालं की मिटायचं, परत वाटलं की उघडायचं. किल्ली वाचणारीच्या हातात असते. मजा त्याचीच आहे.’’

मी म्हटलं, ‘‘आणि ज्यांच्या हातात किल्ली नसते?’’

‘‘त्यांच्यासाठी मी लिहीत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांच्यासाठी लिहायची माझी ताकद नाही.’’

हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. मला अजूनही ते पुस्तक आवडलेलं नाही, तो जबडा तर मरेपर्यंत आवडणार नाही. पण ती बाई खोटारडी नाही.

मग कानसेनने तिला माझे ते नऊ ‘नको’ ऐकवले. बाईंनी डोळे मिटून ऐकले. म्हणाल्या, ‘‘हे चालायचं नाही. यात तुमची चूक नाही, पण असे वाचलेत तर ही प्रेमाची गोष्ट राहत नाही, फिर्याद होते. माझी मुलगी नको म्हणते ते खोटं, आणि ते खोटं आहे हे तिला, मला, वाचणारीला, सगळ्यांना माहीत असतं. हे तुमचं खरं आहे.’’ आणि छत्री उचलता उचलता विचारलं, ‘‘कुणाचं आहे हो हे?’’

मी म्हटलं, कुणाचं नाही.

काम त्यांनी दुसऱ्या मुलीला दिलं. मी सफरचंदाची डबी पिशवीत टाकली आणि घरी आले. येताना रस्ताभर त्या बाईवर चिडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चिडायला दुसरंच माणूस समोर येत होतं.

ताई

*

२२ मार्च

बारके,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन फाडली, कारण प्रत्येकात मी स्वतःला थोडी थोडी चांगली करून ठेवत होते.

तू तेवीस वर्षांची होतीस. तो पुलांचा इंजिनियर तुझ्या संस्थेच्या फाटकासमोर चाळीस दिवस उभा राहिला. तू मागच्या दाराने जायला लागलीस तर तो मागच्या दाराशी. तू त्याला तीनदा नको म्हणालीस, घरीही सांगितलंस. आणि आम्ही सगळे काय म्हणालो? केवढा जीव टाकतो! सगळ्यांत मोठ्याने मी म्हणाले. मी एकोणतीसची होते आणि माझ्यासाठी कुणी चाळीस मिनिटंसुद्धा कुठे उभं राहिलं नव्हतं. मला ते सगळं फार सुंदर वाटत होतं. तुझ्या जागी मी असते तर, असं म्हणत मी आरशासमोर वेणी घालायचे. आज त्या पुस्तकावर तोंड सोडून बोलते, पण ती गोष्ट मी सतरा वर्षांपूर्वीच घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती.

आता पुढचं. हे कुणालाच माहीत नाही.

त्या दुपारी चार वाजता पॅसेजमधला फोन वाजला. तू घरी नव्हतीस. मी उचलला, हॅलो म्हटलं, आणि त्याला वाटलं तूच. तो म्हणाला, ‘‘ठेवू नकोस. फक्त एक शब्द सांग. हो की नाही?’’

मी तुझ्या आवाजात ‘हो’ म्हणाले.

का, ते विचारू नकोस. नाही, विचार, तुला हक्क आहे. थोडी गंमत होती, बाबांना फसवायचे तशी. थोडा हेवा होता. आणि सगळ्यांत जास्त हे, की एकदा तरी असं कुणाला तरी हो म्हणून बघावंसं वाटलं. तो रडला गं फोनवर. मी रिसीव्हर ठेवला, आणि संध्याकाळी तुला सांगून हसू असं ठरवलं. संध्याकाळी तुझं डोकं दुखत होतं. म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आईवडिलांना घेऊन दारात हजर. तू बाहेरच्या खोलीत येऊन सगळ्यांसमोर नको म्हणालीस. तो तुटका, ओठ मिटलेला. आणि तो म्हणाला, ‘‘अगं, कालच तर फोनवर हो म्हणालीस! मी या कानांनी ऐकलं.’’ तू म्हणालीस, मी फोनवर बोललेच नाही. बाबांनी तुझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि मी, तोंड उघडून खरं सांगायची तेवढी एक वेळ होती, मी हसून म्हणाले, ‘‘तिचं नको असंच असतं हो. आईस्क्रीमलासुद्धा आधी नको म्हणते आणि मग वाटी चाटूनपुसून ठेवते.’’

सगळे हसले. तू माझ्याकडे बघितलंस. त्यानंतर तू नको म्हणणं सोडून दिलंस.

लग्नानंतर सहा वर्षं त्याने तुझा पगार, तुझ्या मैत्रिणी, तुझं येणंजाणं सगळं हातात ठेवलं, आणि प्रत्येक भांडणात तेच एक वाक्य टाकलं, ‘तू स्वतः हो म्हणाली होतीस.’ हे तू आईला सांगताना मी दाराआडून ऐकलंय. तू म्हणत होतीस, आई, मला खरंच आठवत नाही गं, मी वेडी झालेय का?

मी तेव्हाही आत आले नाही. आणि चार दिवसांनी, तू कायमची निघून आलीस म्हणून बाबांनी घर डोक्यावर घेतलं तेव्हा, स्वयंपाकघरात मी तुला काय म्हणाले? ‘‘पण बारके, तूच हो म्हणाली होतीस ना?’’ मी म्हणाले! मी! इतकी वर्षं गप्प बसून बसून मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं, की मी निगरगट्ट होते, मला आजही सांगता येत नाही. तू हातातला पेला ओट्यावर ठेवलास आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस.

तू वेडी नव्हतीस. तू कधीच, कुणालाच हो म्हणाली नव्हतीस. तो आवाज माझा होता.

हे मी तुला अकरा वर्षांपूर्वी, सतरा वर्षांपूर्वी, त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. माझी मलाच इतकी चीड येतेय की लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. हे समोर बसून सांगायला हवं. मी येऊ का? तुझ्या दारात उभी राहीन, तू काय वाटेल ते बोल. कळव.

ताई

*

४ एप्रिल

बारके,

उत्तरासाठी घाई करत नाहीये. फक्त एवढं कळवायला लिहिते, की काल आईला सांगितलं. कानाच्या यंत्रात नवीन सेल घालून, समोर बसून, सगळं. ती बराच वेळ टेबलावरचं कापड सरळ करत राहिली. मग म्हणाली, ‘‘आता ते उकरून कुणाचं भलं होणार?’’

म्हटलं, ‘‘आई, बारकीला वाटतंय तिला वेड लागलं होतं.’’

तशी ती रडायला लागली. म्हणाली, त्या दिवशी आईस्क्रीमच्या वाटीवर मीही हसले होते.

बाबा असते तर त्यांनाही सांगितलं असतं. ते गेले म्हणून मी सुटले, असं मानायचं नाही हे ठरवलंय. तुझ्या त्या इंजिनियरालाही एक पत्र लिहून ठेवलंय, की त्या दिवशी फोनवर कोण होतं. ते पाठवायचं का नाही, ते तू सांगशील तसं. तुला विचारल्याशिवाय तुझ्या वतीने एक शब्दही मी आता कुणाला सांगणार नाही.

मी रजा टाकलीये, पंधरा तारखेपासून आठ दिवस. बॅग भरून ठेवली आहे. तू ‘ये’ म्हणालीस की निघते.

ताई

*

१४ एप्रिल

बारके,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पाच ओळी. मी उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून वाचलं.

‘ताई, पत्र तीनदा वाचलं. त्या दिवशी मी फोनवर बोलले नव्हते, हे आता मला पक्कं कळलं. त्याला लिहिलेलं पत्र पाठव. आईला सांग मी बरी आहे. तू येऊ नकोस.’

खाली सहीसुद्धा नाही. बरोबर आहे.

त्याला लिहिलेलं पत्र लगेच जाऊन टाकून आले. आईला तुझं पत्र दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि एकदम उजळली. म्हणाली, ‘‘अगं मग बघतेस काय? जा. उद्याच निघ. ‘येऊ नकोस’ म्हणजे वाट बघतेय. लहानपणापासून तिचं असंच. दारात गेलीस की गळ्यात पडेल बघ. सख्ख्या बहिणी तुम्ही.’’

खरं सांगू? एक क्षण मलाही तसंच वाटलं. मला जायचं आहे गं. अकरा वर्षांत तुझा चेहरा बघितलेला नाही, तू चष्मा लावतेस की नाही हेही मला माहीत नाही. त्या पाच ओळींत कुठे एखादी फट सापडते का, म्हणून मी दुपारभर ते पत्र उलटंसुलटं केलं. ‘ताई’ लिहिलंयस म्हणजे राग थोडा उतरला असेल, असंही स्वतःला सांगून बघितलं.

मग मी बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. आई दाराशी उभी राहून बघत होती.

‘‘जात नाहीस?’’

‘‘नाही.’’

‘‘अगं, पण का?’’

‘‘ती नको म्हणालीय, आई.’’

‘‘म्हणून काय झालं?’’

‘‘म्हणून मी जात नाही.’’

ताई